पाकीट उघडण्याआधी

निघण्यापूर्वी एक अट. ज्या संध्याकाळी तुम्ही उतराल, तिच्या पलीकडचं काहीही तुम्हाला ठाऊक नसेल. पुढे कोण जिंकलं, कोणता चित्रपट वीस वर्षांनीही लोक पाहत राहिले आणि कोणता विसरले, हे सारं इथेच ठेवून जायचं. सोबत फक्त एक वही आणि एक पेन. प्रत्येक मुक्कामी सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाच्या ऑस्करचं पाकीट उघडण्याआधी वहीत एकच नाव लिहायचं. लिहिलेलं खोडायचं नाही.

अट कडक आहे, कारण निकाल लागल्यावर सगळेच शहाणे होतात. ‘हे तर होणारच होतं’ म्हणणारे दुसऱ्या दिवशी जागोजागी भेटतात. आदल्या संध्याकाळी मात्र चार पुरस्कार चार दिशांना बोट दाखवत असतात, मन पाचवीकडेच ओढत असतं आणि नाव लिहायचं असतं एक. तिथे बसल्यावर कळतं, की चित्रपट आपल्याला कसा वाटला हे सांगणं सोपं आहे. तो हजारो अनोळखी माणसांना कसा वाटला असेल हे ओळखण्यासाठी वेगळीच नजर लागते. ती नजर मिळवायला निघालो आहोत.

२४ मार्च २००२, कोडॅक थिएटर, हॉलिवूड

इमारत नवी कोरी आहे. गेल्या नोव्हेंबरातच तिचे दरवाजे उघडले. ११ सप्टेंबरच्या हल्ल्याला सहा महिने होऊन गेलेत आणि बाहेर हॉलिवूड बुलेव्हार्डवर कडेकोट पहारा आहे. तपासण्या पार करून तुम्ही आपल्या खुर्चीत येऊन बसता.

आज एक नवा पुरस्कार पहिल्यांदा दिला जाणार आहे. आजवर पूर्ण लांबीच्या ॲनिमेशनपटांसाठी ऑस्करमध्ये स्वतंत्र जागा नव्हती. १९३९ मध्ये ‘स्नो व्हाइट’साठी वॉल्ट डिस्नेला मानाचा ऑस्कर मिळाला होता: एक मोठी बाहुली आणि तिच्याबरोबर सात छोट्या, चिमुकल्या शर्ली टेंपलच्या हस्ते. १९९२ मध्ये ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ थेट सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या यादीत पोचला आणि ‘द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स’पुढे हरला. आता वेगळा विभाग झाला आहे. नियम असा, की वर्षभरात निदान आठ पात्र चित्रपट आले तरच पुरस्कार द्यायचा आणि सोळा किंवा अधिक असतील तर पाच नामांकनं करायची. यंदा तीन आहेत: ‘श्रेक’, ‘मॉन्स्टर्स, इंक.’ आणि ‘जिमी न्यूट्रॉन’.

वही उघडा. आधाराला मागचा एकही निकाल नाही. ‘मॉन्स्टर्स, इंक.’ पिक्सारचा आहे. त्यातल्या सली या राक्षसाच्या अंगावरचे वीस लाखांहून अधिक केस संगणकाने वेगवेगळे हलवून दाखवलेत आणि ते पाहताना तुमच्या तोंडून आपसूक ‘वा!’ निघालं होतं. शिवाय त्याला संगीत, गाणं आणि ध्वनिसंपादन यांचीही नामांकनं आहेत. ‘श्रेक’ कान महोत्सवात मुख्य स्पर्धेत होता. गेल्या महिन्यात ब्रिटनच्या बाफ्टाने त्याला रूपांतरित पटकथेचा पुरस्कार दिला आणि आज ऑस्करच्या पटकथा विभागातही त्याचं नाव आहे.

पेन टेकवण्याआधी एक प्रश्न विचारा: मत कोण देणार? नामांकनं ॲनिमेशनची जाणकार मंडळी ठरवतात, पण अंतिम मत अकादमीतल्या सगळ्यांचं. सहा हजारांच्याही आत असलेले हे सदस्य नट आहेत, लेखक आहेत, संकलक आहेत, वेशभूषाकार आहेत. केसांच्या तंत्राचं कौतुक करणारे त्यांत थोडे. संवाद आणि कथा जोखणारे बरेच.

पडद्यावर प्रेक्षागृहाचं दृश्य दिसतं आणि सगळे हसतात: नट-नट्यांच्या मधोमध श्रेक आणि त्याचा गाढव मित्र बसलेत, नामांकन मिळालेल्या इतर पाहुण्यांसारखेच. नेथन लेन पाकीट उघडतो. ‘श्रेक’. निर्माता ॲरन वॉर्नर मंचाकडे निघतो.

वहीत पहिली नोंद करा: चित्रपट आपल्या विभागाबाहेरच्या लोकांनाही आवडला आहे का, हे पाहावं.

२३ मार्च २००३, तीच इमारत

हवा जड आहे. तीन दिवसांपूर्वी इराकवर हल्ला सुरू झाला. लाल गालिच्यावरचा नेहमीचा थाट आवरता घेतला आहे. आत शिरणारी माणसं हसतात ती जेवढ्यास तेवढं.

या वर्षी नामांकनं पाच. ‘आइस एज’ने अमेरिकेत सतरा कोटी डॉलरच्या वर गल्ला जमवला. ‘लिलो अँड स्टिच’च्या मागच्या दृश्यांना जलरंगांचा ओलावा आहे, तो फ्लोरिडातल्या डिस्नेच्या स्टुडिओत घडला आणि क्रिस सँडर्स त्याच्या दोन दिग्दर्शकांपैकी एक. हे नाव वहीच्या समासात लिहून ठेवा. ‘स्पिरिट’ आणि ‘ट्रेझर प्लॅनेट’ही आहेत, दुसऱ्याने तर डिस्नेला मोठा फटका दिला. आणि पाचवा, हयाओ मियाझाकींचा ‘स्पिरिटेड अवे’. जपानमध्ये त्याने इतिहास घडवला, बर्लिनमध्ये सर्वोच्च सन्मान म्हणजे गोल्डन बेअर मिळवला, पण अमेरिकेत तो मोजक्याच पडद्यांवर दिसला. त्याची इंग्रजी आवृत्ती पिक्सारच्या जॉन लॅसेटरच्या देखरेखीखाली झाली. लॅसेटर मियाझाकींना गुरुस्थानी मानतो.

तुमच्यातला व्यवहारी माणूस सांगतो, युद्धाच्या आठवड्यात अमेरिकन मतदार घरचाच चित्रपट निवडतील. पण हातात एक ताजा पुरावा आहे. ॲनिमेशन क्षेत्रातले लोक ज्यात मत देतात, त्या ॲनी पुरस्कारांमध्ये फेब्रुवारीत ‘स्पिरिटेड अवे’ अव्वल ठरला. गेल्या वर्षी ॲनी ‘श्रेक’लाच मिळाला होता. लिहा.

कॅमेरॉन डियाझ नाव वाचते: ‘स्पिरिटेड अवे’. मंचावर यायला कोणीच नाही. ती अकादमीच्या वतीने बाहुली स्वीकारते आणि कार्यक्रम पुढे सरकतो. मियाझाकी का आले नाहीत ते त्यांनी सहा वर्षांनंतर कॅलिफोर्नियात सांगितलं: इराकवर बॉम्ब टाकणाऱ्या देशात त्यांना यायचं नव्हतं.

२५ फेब्रुवारी २००७, पुन्हा कोडॅक

आता तुम्ही आत्मविश्वासाने बसता. मधल्या वर्षांत ‘फाइंडिंग नीमो’, ‘द इन्क्रेडिबल्स’ आणि ‘वॉलेस अँड ग्रोमिट’चा पहिला मोठा चित्रपट जिंकले. तिन्ही वेळा ॲनीने आधीच कौल दिला होता. पाचांपैकी पाच वेळा ॲनी आणि ऑस्कर एक. सूत्र सापडलं, असं वाटावं अशीच ही आकडेवारी.

यंदा नामांकनं तीन: ‘कार्स’, ‘हॅपी फीट’, ‘मॉन्स्टर हाउस’. ॲनी ‘कार्स’ला. गोल्डन ग्लोबने ॲनिमेशनपटाचा विभाग याच वर्षी सुरू केला, तोही ‘कार्स’ला. निर्मात्यांच्या संघटनेचा पुरस्कारही ‘कार्स’ला. दिग्दर्शक जॉन लॅसेटर, म्हणजे या क्षेत्रातला सगळ्यांचा लाडका माणूस. एक बाफ्टा तेवढा ‘हॅपी फीट’कडे गेला आहे. ते ब्रिटिशांचं मत म्हणून तुम्ही बाजूला ठेवता. आधीच्या तीन पुरस्कारांपुढे एक काय करणार?

पण जरा आजूबाजूला पाहा. आज अल गोर मंचावर येऊन सांगतात, की यंदाचा सोहळा पर्यावरणाचं भान ठेवून आखला आहे. हवामानबदलावरचा त्यांचा माहितीपट ऑस्करच्या शर्यतीत आहे. गेल्याच वर्षी सम्राट पेंग्विनांवरच्या माहितीपटाला ऑस्कर मिळाला होता. आणि ‘हॅपी फीट’मध्ये तेच पेंग्विन आहेत, माणसाने समुद्रातली मासळी उपसल्यामुळे उपाशी राहिलेले, नाचणारे.

पाकिटातून ‘हॅपी फीट’ निघतो. ‘मॅड मॅक्स’ बनवणारा ऑस्ट्रेलियन दिग्दर्शक जॉर्ज मिलर मंचावर येतो आणि पेंग्विनसारखे सूट घालून आलेल्या सभागृहातल्या तमाम पुरुषांचे आभार मानतो. हे आभार मानायला त्याला त्याच्या मुलांनी सांगितलं होतं.

वहीतलं सूत्र आता कुठे उपयोगाचं राहिलं? पाच वेळा जुळलेली गोष्ट सहाव्यांदा मोडली, तेव्हा तिच्यामागचं कारण शोधावं लागतं. ॲनीचे मतदार ॲनिमेशन बनवतात. निर्मात्यांच्या संघटनेचे मतदार धंद्याचं यश जाणतात. ऑस्करचा मतदार मात्र बहुतेक वेळा या दोन्हींपैकी कोणी नसतो. महाराष्ट्रात निवडणुकीचा निकाल वाचताना आपण मतदारसंघ न पाहता सगळीकडे एकच कल लावत नाही. पुण्याच्या पेठेतला कौल गडचिरोलीला लागू करणारा तोंडघशी पडतो. पुरस्कारांचंही तसंच आहे. किती पुरस्कार मिळाले यापेक्षा ते कोणी दिले, आणि देणाऱ्यांपैकी किती जण आज रात्रीच्या मतदारांत मोडतात, हे महत्त्वाचं. बाफ्टाचे बरेच सदस्य ऑस्करच्या अकादमीतही आहेत. बाजूला ठेवलेला एक पुरस्कार त्यामुळे बाकीच्या तिघांपेक्षा अधिक बोलका होता.

१५ जानेवारी २०१५, बेव्हर्ली हिल्स

पहाटे साडेपाच. अकादमीच्या सॅम्युअल गोल्डविन थिएटरमध्ये पत्रकार दाटीवाटीने बसले आहेत. तुम्हीही. नामांकनं वाचली जाणार आहेत आणि तुमच्या वहीत एक नाव ठसठशीत लिहिलेलं आहे: ‘द लेगो मूव्ही’. समीक्षकांनी डोक्यावर घेतलेला, तुफान चाललेला, चतुर चित्रपट.

पाच नावं वाचली जातात. ‘बिग हीरो ६’. ‘द बॉक्सट्रोल्स’. ‘हाऊ टू ट्रेन युअर ड्रॅगन २’. आयर्लंडचा ‘साँग ऑफ द सी’. इसाओ ताकाहातांचा ‘द टेल ऑफ द प्रिन्सेस कागुया’. लेगो नाही. सभागृहात कुजबूज उठते. थोड्याच वेळात लेगोच्या दोन दिग्दर्शकांपैकी एक, फिल लॉर्ड, लेगोच्या ठोकळ्यांनी बनवलेल्या ऑस्करचा फोटो जगापुढे ठेवून सांगतो, की हरकत नाही, त्याने आपला आपण बनवला. नामांकन करणारी समिती वेगळी आणि अंतिम मत देणारे वेगळे, हे तुम्हाला २००२ पासून माहीत होतं. समितीला हाताने रेखाटलेल्या, धीम्या चित्रपटांचं अगत्य होतं. मोठ्या बाजारपेठेचा लाडका तिथे अडला.

त्याच सकाळी आणखी काही घडतं, पण ते तुमच्या लगेच ध्यानात येत नाही. अभिनयाच्या वीसच्या वीस नामांकनांत एकही गौरेतर चेहरा नाही. समाजमाध्यमांवर एक घोषवाक्य जन्म घेतं आणि ऑस्कर ‘इतके गोरे’ का, असा सवाल विचारू लागतं. २०१२ मध्ये ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने अकादमीच्या सदस्यांचा माग काढला होता: ९४ टक्के गोरे, ७७ टक्के पुरुष, मध्यक वय ६२. ही आकडेवारी पुन्हा चर्चेत येते. तुमच्या वहीशी याचा काय संबंध, असं वाटेल. खूप आहे, पण आधी २२ फेब्रुवारीला जाऊन येऊ.

कोडॅकचं नाव आता डॉल्बी थिएटर झालं आहे. गोल्डन ग्लोब आणि ॲनी, दोन्ही ‘ड्रॅगन २’ला मिळाले आहेत. बाफ्टाने लेगोला निवडलं, पण ते नाव आज पाकिटात असूच शकत नाही. तुम्ही ‘ड्रॅगन २’ लिहिता, विचारपूर्वक, कारणासह. निघतो ‘बिग हीरो ६’. आधी यांपैकी एकही मोठा पुरस्कार नसलेला डिस्नेचा चित्रपट.

हा निकाल समजून घ्यायचा तर साठीतल्या त्या मतदाराच्या घरात डोकवावं लागेल. टेबलावर डीव्हीडींची चळत आहे. त्यातले नाट्यमय, गंभीर चित्रपट तो पाहतो. ॲनिमेशनचा डबा नातवंडांकडे सरकवतो. नाव न सांगण्याच्या अटीवर काही मतदारांनी त्या काळात हे उघड बोलून दाखवलं: आम्ही या विभागातले सगळे चित्रपट पाहत नाही. ज्या विभागात मतदार चित्रपट पाहतच नाही, तिथे ओळखीचं नाव जिंकतं. ताकाहातांनी ‘कागुया’ची चौकट न् चौकट ज्या हळुवारपणे उभी केली, ती किती मतदारांच्या डोळ्यांपुढून गेली असेल, हा प्रश्न मनाला लागून राहतो. कलेवर झालेला हा अन्याय होता आणि त्याचं मूळ आकसात नव्हतं. हे ‘मुलांचं’ आहे म्हणून न पाहण्यात होतं.

१० मार्च २०२४, डॉल्बी

नऊ वर्षांची उडी. मधल्या काळात मतदारसंघच बदलला. २०१६ मध्ये अकादमीने ठरवलं, की स्त्रिया आणि आजवर दुर्लक्षित राहिलेल्या समाजांतले सदस्य २०२० पर्यंत दुप्पट करायचे. दरवर्षी जगभरच्या कलावंतांना बोलावणी गेली. सदस्यसंख्या दहा हजारांच्या आसपास पोचली आणि अमेरिकेबाहेरच्यांचा वाटा साधारण पाचवा हिस्सा झाला. या विभागाच्या नामांकनाची दारंही सर्व शाखांच्या इच्छुक सदस्यांना उघडली गेली. डीव्हीडींची चळत गेली आणि अकादमीचं स्वतःचं चित्रपट दाखवणारं ॲप आलं. आता रिगामधला, सोलमधला, मुंबईतला सदस्य एकाच रात्री एकच चित्रपट आपल्या घरी पाहू शकतो.

आजची लढत दोघांत आहे. ‘स्पायडरमॅन: अक्रॉस द स्पायडरव्हर्स’ पाहताना तुमचा जीव त्यात अडकला होता, कारण त्यात मुंबाटन आहे: मुंबई आणि मॅनहॅटन एकमेकांत मिसळलेलं शहर. तिथला स्पायडरमॅन, पवित्र प्रभाकर, इमारतींच्या जंगलातून झेपावतो तेव्हा आपल्या गर्दीचे, आपल्या रंगांचे धागे एवढ्या मोठ्या पडद्यावर ओळखू येतात. समोर आहे मियाझाकींचा ‘द बॉय अँड द हेरॉन’. ते ८३ वर्षांचे आहेत.

पुरस्कार मांडा. ॲनी, निर्मात्यांची संघटना, समीक्षकांचा क्रिटिक्स चॉइस: तिन्ही ‘स्पायडरव्हर्स’ला. गोल्डन ग्लोब आणि बाफ्टा: ‘हेरॉन’ला. संख्येने पहिलं पारडं जड. पण आता तुम्ही फक्त संख्या मोजत नाही. पहिले तीन मुख्यतः अमेरिकेतल्या लोकांचे. ग्लोबचे मतदार आता जगभरचे तीनशेहून अधिक पत्रकार आहेत, बाफ्टा ब्रिटनचा. आणि आजची अकादमी कोणासारखी आहे? २०१५ च्या अकादमीपेक्षा ती ग्लोब आणि बाफ्टाच्या बरीच जवळ सरकली आहे.

मन मुंबाटनकडे ओढतं, हिशेब तोक्योकडे. इथे वहीची दोन पानं करा. एकावर आवडीचं नाव लिहा, दुसऱ्यावर जिंकेल असं वाटणारं. दोन्ही खरी पानं आहेत. एकाने दुसऱ्यावर अतिक्रमण करू नये, एवढंच.

‘द बॉय अँड द हेरॉन’. मंचावर या खेपेलाही मियाझाकी नाहीत. २००३ मध्ये ‘स्पिरिटेड अवे’ जिंकला तो अपवाद वाटला होता. एकवीस वर्षांनी त्याच माणसाचा विजय एका बदलाची खूण ठरतो.

जानेवारी ते मार्च २०२५, लॉस एंजेलिस

शेवटच्या मुक्कामाला दोन महिने राहायचं आहे, कारण अंदाज एका रात्रीत बनत नाही.

५ जानेवारी. बेव्हर्ली हिल्टन हॉटेलात गोल्डन ग्लोबचं पाकीट उघडतं: ‘फ्लो’. लाटव्हियाचा चित्रपट. दिग्दर्शक गिंट्स झिल्बालोडिस तिशीतला तरुण. याआधीचा ‘अवे’ त्याने एकट्याने बनवला होता. ‘फ्लो’चं अंदाजपत्रक सुमारे ३५ लाख युरो आणि तो घडला ब्लेंडरवर, म्हणजे कोणालाही फुकट उतरवून घेता येणाऱ्या सॉफ्टवेअरवर. गोष्ट एका काळ्या मांजराची. पूर येतो, जग पाण्याखाली जातं आणि एका नावेवर मांजर, कॅपिबारा, लेमूर, कुत्रा आणि एक उंच पायांचा सेक्रेटरी पक्षी एकत्र येतात. एकही शब्द नाही. प्राण्यांचे आवाज खऱ्या प्राण्यांचे. कॅपिबाराचा तेवढा उंटाच्या पिल्लाचा. मे २०२४ मध्ये तो कानला दिसला, जूनमध्ये ॲनसीच्या ॲनिमेशन महोत्सवात त्याने परीक्षकांचा आणि प्रेक्षकांचाही पुरस्कार घेतला.

७ जानेवारी. पॅसिफिक पॅलिसेड्समध्ये वणवा पेटतो. आभाळ तांबूस होतं, राख मोटारींच्या काचांवर बसते. चित्रपटसृष्टीतल्या कितीतरी लोकांची घरं जातात. अकादमी मतदानाची मुदत वाढवते, नामांकनांची घोषणा दोनदा पुढे ढकलते. या शहरात, या दिवसांत, घर वाहून गेलेल्या मुक्या जिवांची गोष्ट लोक आपापल्या पडद्यावर पाहत आहेत. त्याचा मतांवर काय परिणाम होईल हे कोणी मोजू शकत नाही. तुम्ही फक्त ते वातावरण नोंदवून ठेवा.

२३ जानेवारी. नामांकनं जाहीर होतात. ‘इनसाइड आउट २’, २०२४ चा जगातला सर्वाधिक कमाईचा चित्रपट. ॲडम एलियटचा मातीच्या बाहुल्यांचा ‘मेमॉयर ऑफ अ स्नेल’. ‘वॉलेस अँड ग्रोमिट: व्हेंजन्स मोस्ट फाउल’. ‘द वाइल्ड रोबॉट’. आणि ‘फ्लो’. शिवाय ‘फ्लो’ आंतरराष्ट्रीय चित्रपटाच्या विभागातही आहे. २००२ ची पहिली नोंद आठवा: विभागाबाहेरच्या लोकांनी पाहिला का? होय. पण ‘द वाइल्ड रोबॉट’लाही संगीत आणि ध्वनी यांची नामांकनं आहेत.

‘द वाइल्ड रोबॉट’चा दिग्दर्शक कोण? समास पाहा: क्रिस सँडर्स. २००३ मध्ये ‘लिलो अँड स्टिच’ घेऊन तो मियाझाकींपुढे हरला. ‘हाऊ टू ट्रेन युअर ड्रॅगन’ घेऊन आला तेव्हा समोर ‘टॉय स्टोरी ३’ होता. ‘द क्रूड्स’च्या वेळी ‘फ्रोझन’. हे चौथं नामांकन. बेटावर येऊन पडलेली रोबो एका अनाथ हंसपिल्लाला वाढवते, ही त्याची गोष्ट पाहताना डोळे भरून येतात. एका कलावंताच्या बावीस वर्षांचं सार्थक व्हावं, असं कोणालाही वाटेल. आवडीच्या पानावर हे नाव लिहायला हात आपसूक जातो.

७ आणि ८ फेब्रुवारी. क्रिटिक्स चॉइस ‘द वाइल्ड रोबॉट’ला. निर्मात्यांच्या संघटनेचा पुरस्कार ‘द वाइल्ड रोबॉट’ला. ॲनीमध्ये तर तब्बल नऊ पुरस्कार. बहुतेकांच्या वह्या इथे बंद होतात. तुमची उघडी ठेवा. ॲनीमध्ये स्वतंत्र निर्मितीच्या चित्रपटांचा विभाग वेगळा असतो आणि ‘फ्लो’ तो जिंकला आहे. म्हणजे सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी हे दोघे तिथे आमनेसामने आलेच नाहीत. आणि लेखनाचा ॲनी? एकही संवाद नसलेल्या ‘फ्लो’ला. झिल्बालोडिस स्टोरीबोर्ड काढत नाही. संगणकातल्या त्रिमितीच्या जगात कॅमेरा फिरवत दृश्य शोधत जातो. त्याच्या या शोधाला व्यावसायिक ॲनिमेटरांनी लेखन म्हणून मान दिला, ही नोंद लहान नाही.

११ फेब्रुवारी. अंतिम मतदान सुरू. १६ ला, मतदान चालू असतानाच, लंडनमध्ये बाफ्टा ‘वॉलेस अँड ग्रोमिट’ला जातो. घरच्या लाडक्यांना घरचा आहेर. म्हणजे बाफ्टाने या खेपेला दोन आघाडीवीरांमधला निर्णय दिलाच नाही. १८ ला मतदान बंद.

आता हिशेब. अमेरिकन पुरस्कार ‘रोबॉट’कडे, जागतिक पत्रकारांचा ग्लोब ‘फ्लो’कडे. २०२४ मध्ये मांडणी जवळपास हीच होती आणि जग जिंकलं होतं. एका वर्षाच्या दाखल्यावर किती भार टाकायचा? २००७ ने शिकवलं, की पाच वर्षांचा दाखलाही मोडतो. पण त्याच वर्षाने हेही शिकवलं, की दाखल्यामागचं कारण खरं असेल तर तो टिकतो. इथे कारण आहे: मतदार बदलला आहे. या विभागात सर्वाधिक मतं मिळवणारा जिंकतो, दुसऱ्या-तिसऱ्या पसंतीची मोजणी नसते. त्यामुळे सर्वांना थोडा आवडलेल्या चित्रपटापेक्षा काहींना फार भिडलेला चित्रपट पुढे जाऊ शकतो.

२ मार्चची संध्याकाळ, भारतात सोमवारची पहाट. पुण्यात, नागपुरात, पणजीत काही घरांत दिवे लागले असतील. सोहळा सुरू होऊन फार वेळ झालेला नाही. गोल्डी हॉन आणि अँड्र्यू गारफील्ड मंचावर येतात. लिहा. दोन्ही पानांवर. पाकीट उघडतं:

‘फ्लो’.

लाटव्हियाचा पहिला ऑस्कर. झिल्बालोडिस आई-वडिलांचे आभार मानतो, आपल्या मांजरांचे आणि कुत्र्यांचे मानतो, जगभरच्या स्वतंत्र ॲनिमेशन करणाऱ्यांसाठी दारं उघडोत असं म्हणतो आणि आपण सगळे एकाच नावेत आहोत याची आठवण देतो. क्रिस सँडर्स चौथ्यांदा रिकाम्या हाताने परततो. आवडीच्या पानावर त्याचं नाव असेल तर ते तसंच राहू द्या. ‘द वाइल्ड रोबॉट’ हरला म्हणून उणा ठरत नाही, आणि ‘फ्लो’ जिंकला तो सहानुभूतीवर नाही.

परतल्यावर

वही चाळा. श्रेक ते फ्लो, तेवीस वर्षं. चुकलेल्या नावांजवळ थांबलात तर एक गोष्ट सारखी दिसते: चुकताना आपण चित्रपटांकडे आणि पुरस्कारांकडे पाहत होतो, मतदारांकडे नाही. आणि मतदारांकडे पाहू लागलो तेव्हा त्याहून मोठी गोष्ट दिसली. या पुरस्काराचा इतिहास म्हणजे मोठ्या माणसांनी ॲनिमेशन गांभीर्याने पाहायला किती वेळ घेतला, याचा इतिहास आहे. एप्रिल २०२५ मध्ये अकादमीने नियमच केला: विभागातले सगळे नामांकित चित्रपट पाहिल्याशिवाय त्या विभागात अंतिम मत देता येणार नाही. ताकाहातांचा ‘कागुया’ अशा नियमाच्या काळात आला असता तर, असं वाटल्यावाचून राहत नाही.

हाच नियम तुम्हीही पाळा. पुढच्या वर्षी पाचही चित्रपट पाहा, मग पुरस्कार मांडा, देणारे कोण ते तपासा आणि दोन पानांवर दोन नावं लिहा.

आणि एक तिसरं पान कोरं ठेवा. २०२५ पर्यंत या विभागात एकाही भारतीय चित्रपटाला नामांकन नव्हतं. मुंबईच्या गीतांजली राव यांचा ‘बॉम्बे रोझ’ चौकटीमागून चौकट रंगवत घडला आणि २०१९ मध्ये व्हेनिसच्या क्रिटिक्स वीकचा उद्घाटनाचा चित्रपट ठरला. कसब आपल्याकडे आहे. ब्लेंडर पुण्यातल्या, कोल्हापुरातल्या विद्यार्थ्याच्या संगणकावरही आहे, तेच आणि तितकंच फुकट. २००२ च्या त्या सभागृहात अशा एखाद्या चित्रपटाचं नाव वहीत लिहिणाऱ्याला शेजाऱ्याने वेड्यात काढलं असतं. आज ते नाव लिहायला पुरावा आहे, कारण जिथे मतदार चित्रपट पाहतो तिथे तो कुठून आला आणि किती पैशांत झाला, हे दुय्यम ठरू लागलं आहे.